विश्लेषण : तोंडाच्या कर्करोगाला ‘ताप’ देऊन हरवता येईल? उष्णता आणि रोगप्रतिकारक पेशींचा जोडउपचार कुठवर आला?

कर्करोगाची गाठ ४१-४२ अंश सेल्सियसपर्यंत तापवायची आणि त्याच सुमारास रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत सज्ज करून तिच्यावर सोडायच्या, अशा जोडउपचारावर काही प्रयोगशाळांत काम सुरू आहे. तोंडाच्या कर्करोगासाठी ही कल्पना विशेष आकर्षक वाटते, कारण तोंडातील गाठ डॉक्टरांना दिसते, हाताला लागते आणि तिथपर्यंत उष्णता पोहोचवणे पोटातील गाठीपेक्षा सोपे असते. या जोडीतील उष्णता आणि रोगप्रतिकार या दोन्ही बाजूंचे काही महत्त्वाचे पुरावे मुंबईतील रुग्णालयांतून आले आहेत. मात्र दोन्ही एकत्र करून दिलेला उपचार अजून रुग्णालयाच्या दारात पोहोचलेला नाही. अशा वेळी ‘ऑपरेशनशिवाय कर्करोग बरा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न अनेक घरांत आज प्रत्यक्ष उभा आहे.

भारतात तोंडाचा कर्करोग एवढा का?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन २०२२’ या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार रुग्णांचा मृत्यू झाला. जगभरातील नवे रुग्ण होते सुमारे ३ लाख ८९ हजार. म्हणजे जगातील दर तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण आपला. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग म्हटले की प्रामुख्याने जीभ डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत तो जास्त होतो. तंबाखू-चुन्याची गोळी, गुटखा, मावा किंवा विदर्भातला खर्रा तासन्‌तास दाबून ठेवला जातो तीच ही जागा. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखाबंदी आहे. ती किती पाळली जाते हे कोणत्याही टपरीसमोर पाच मिनिटे उभे राहिले की कळते.

लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. अडचण अशी की आपल्याकडे बरेच रुग्ण गाठ गालातून बाहेर येईपर्यंत किंवा जबड्याच्या हाडात शिरेपर्यंत थांबतात. मग शस्त्रक्रिया, रेडिएशन, कीमोथेरपी असे सगळे करूनही अनेकांत आजार परततो. नव्या उपायांचा शोध सुरू आहे तो मुख्यतः या रुग्णांसाठी.

उष्णतेची कल्पना कुठून आली?

ती बरीच जुनी आहे. १८६६ मध्ये जर्मनीतील सर्जन विल्हेल्म बुश यांनी एका रुग्णाची नोंद केली होती. चेहऱ्यावर गाठ असलेल्या या महिलेला त्वचेचा तीव्र जंतुसंसर्ग झाला, सणसणून ताप आला आणि गाठ नाहीशी झाली. पुढे १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी हाच योगायोग मुद्दाम घडवून आणला. त्यांच्या पहिल्या रुग्णाच्या मानेत आणि टॉन्सिलवर गाठ होती, गिळणेही कठीण झाले होते. कोलींनी त्याला जिवंत जंतू टोचले. रुग्ण तापाने फणफणला आणि गाठ विरघळू लागली. तो पुढे काही वर्षे जगला. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात हा जिवावरचा खेळ होता. नंतर कोलींनी मारलेल्या जंतूंचे मिश्रण वापरायला सुरुवात केली. गाठ तापामुळे गेली की जंतूंनी चाळवलेल्या रोगप्रतिकारशक्तीमुळे, हे कोलींना सांगता आले नाही. आजचे शास्त्रज्ञ रोगप्रतिकारशक्तीला अधिक श्रेय देतात. पण ताप आणि रोगप्रतिकार या दोन गोष्टी शरीरात एकत्रच काम करतात, हे त्यातून लक्षात आले.

हायपरथर्मिया म्हणजे नेमके काय?

गाठ आणि तिच्या आसपासचा भाग साधारण ४० ते ४३ अंश सेल्सियस तापमानाला, बहुधा तासभर ठेवणे म्हणजे हायपरथर्मिया. त्यासाठी सूक्ष्मलहरी, रेडिओलहरी किंवा अल्ट्रासाऊंड वापरतात. घरच्या गरम पाण्याच्या पिशवीशी याचा संबंध नाही. पिशवीची ऊब त्वचेखाली फार खोल जात नाही. आणखी एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे अनेक रुग्ण रेडिएशनलाच ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. रेडिएशनमध्ये गाठ तापत नाही, तिथे किरणांनी पेशींतील डीएनए तोडला जातो. हायपरथर्मियात खरोखरच ऊतींचे तापमान वाढवले जाते.

एवढ्या उष्णतेने सगळ्या कर्कपेशी मरत नाहीत. पण त्या दुबळ्या होतात. रेडिएशनने तुटलेला डीएनए पेशी एरवी दुरुस्त करून घेतात. ४१-४२ अंशांना या दुरुस्तीसाठी लागणारे ‘बीआरसीए-२’ हे प्रथिन काही काळासाठी मोडून पडते, असे डच संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. शिवाय गाठीचा रक्तपुरवठा वाढतो, प्राणवायू जास्त पोहोचतो आणि प्राणवायू असलेल्या पेशींवर रेडिएशनचा परिणाम अधिक होतो. म्हणूनच हायपरथर्मिया एकटा देत नाहीत, तो रेडिएशन किंवा कीमोच्या जोडीने देतात.

मुंबईतील चाचणीत काय दिसले?

मुंबईच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुइलगोळ आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या ५६ रुग्णांवर चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना फक्त रेडिएशन, तर काहींना रेडिएशनसोबत आठवड्यातून एकदा हायपरथर्मिया देण्यात आला. फक्त रेडिएशन घेतलेल्यांपैकी ४२.४ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण नाहीशी झाली. उष्णतेची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण ७८.६ टक्के होते. जगण्याचा मध्यम कालावधी १४५ दिवसांवरून २४१ दिवसांवर गेला. इटलीत त्याआधी, १९९४ मध्ये, मानेतील मोठ्या गाठी असलेल्या चाळीसेक रुग्णांवरील चाचणीतही असाच कल दिसला होता. तिथे गाठ पूर्ण जाण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेले.

हे आकडे वाचून हुरळून जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. दोन्ही चाचण्या लहान होत्या आणि त्यांत तुलना नुसत्या रेडिएशनशी होती, तर आज प्रमाण उपचार रेडिएशन आणि कीमो असा एकत्र असतो. दुसरे म्हणजे मुंबईच्या चाचणीत मिळालेले जादा आयुष्य सरासरी तीन महिन्यांचे आहे. ज्याच्या घरी हा आजार आहे त्याला तीन महिन्यांचे मोल सांगायला नको. पण ‘रामबाण’ हा शब्द त्यासाठी वापरता येत नाही.

उष्णतेचा आणि रोगप्रतिकारक पेशींचा संबंध काय?

तोंडाच्या कर्करोगात रोगप्रतिकारक पेशींचे तीन प्रकारे अडते. त्यांना गाठ ओळखू येत नाही, ओळखली तरी आत शिरता येत नाही आणि आत शिरल्या तरी तिथे त्या थकून निष्क्रिय होतात. उष्णता यातील पहिल्या दोन अडचणींवर काम करते, आणि या जोडउपचारामागचा खरा तर्क इथेच आहे.

ओळखीचा मुद्दा आधी पाहू. पेशीला उष्णतेचा धक्का बसला की ती ‘हीट शॉक प्रोटीन’ नावाची प्रथिने तयार करते. पेशीतील इतर प्रथिनांची घडी बिघडू नये म्हणून ही प्रथिने धावपळ करत असतात. धक्का जास्त असेल तर ती पेशीबाहेर पडतात आणि जाताना कर्कपेशीतील प्रथिनांचे तुकडेही सोबत नेतात. डेंड्रायटिक पेशी हे तुकडे उचलतात आणि लसिकाग्रंथीत जाऊन टी पेशींना दाखवतात. पोलिसांना संशयिताचा फोटो मिळावा तसा हा प्रकार. तापलेल्या कर्कपेशीच्या पृष्ठभागावर ‘मी संकटात आहे’ अशा अर्थाच्या खुणाही उमटतात. त्या पाहून ‘नॅचरल किलर’ म्हणजे एनके पेशी तिच्यावर तुटून पडतात. या पेशींना आधी ओळख परेड लागत नाही, ही त्यांची खासियत.

दुसरा मुद्दा शिरकावाचा. अमेरिकेतील बफेलो येथील रोझवेल पार्क कर्करोग संस्थेत शॅरन इव्हान्स आणि एलिझाबेथ रेपास्की यांच्या गटांनी यावर अनेक वर्षे काम केले. उंदरांचे शरीर ताप आल्यासारखे साधारण ३९ अंशांपर्यंत गरम ठेवले, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंती जणू चिकट झाल्या. एरवी रक्तासोबत वाहून जाणाऱ्या टी पेशी तिथे अडकून भिंतीतून पलीकडे जाऊ लागल्या. ‘इंटरल्युकिन-६’ हा रासायनिक संदेश यामागे असल्याचे या गटाने दाखवले. गाठीतील रक्तवाहिन्या एरवी टी पेशींना थारा देत नाहीत. उष्णतेने तेही दार किलकिले होते. तापात अंग गरम होते ते उगाच नाही, असे आजी सांगत असे. त्यामागची रेणूंच्या पातळीवरची यंत्रणा हीच.

मग पेशी-उपचारांची गरज का?

कारण दार उघडले तरी आत जायला पुरेसे सैनिक हवेत. प्रगत कर्करोगाच्या रुग्णाकडे लढाऊ टी पेशी कमी असतात आणि असलेल्या थकलेल्या असतात. यावर उपाय म्हणून रुग्णाच्या टी पेशी काढून, त्यांत कर्कपेशी ओळखणारा कृत्रिम ग्राहक बसवून, त्यांची संख्या वाढवून परत देतात. ही ‘कार-टी’ पद्धत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार-१९’ या देशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. अमेरिकेतील अशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो होतो. तरी तो लाखांच्या घरात जातो, हा भाग वेगळा.

पण नेक्सकार-१९ रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे, तोंडाच्या नव्हे. रक्तातील कर्कपेशीवर ‘सीडी-१९’ ही ठळक खूण असते आणि कार-टी पेशीही रक्तातच फिरत असतात. तोंडातील घट्ट गाठीत यातले काहीच सोपे नाही. तिच्यावरची ‘ईजीएफआर’सारखी खूण निरोगी त्वचेवर, आतड्यात आणि तोंडाच्या अस्तरावरही असते. म्हणजे पेशी नसेतून सोडल्या तर त्या नको तिथेही हल्ला करण्याची भीती. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील जॉन मेहर यांच्या गटाने म्हणूनच वेगळा मार्ग घेतला. डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांत त्यांनी अशा पेशी थेट गाठीत टोचल्या. पहिल्या टप्प्यातील या छोट्या चाचणीत उपचार सुरक्षित ठरला आणि काही रुग्णांत आजार काही आठवडे स्थिर राहिला. गाठी आकसून नाहीशा झाल्या, असे मात्र झाले नाही. नुसत्या पेशी पुरत नाहीत, त्यांना काहीतरी जोड हवी, असा त्याचा अर्थ संशोधक लावतात.

उष्णतेची जोड देण्याचे प्रयोग कुठे झाले?

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील झेन गू यांच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांत मानवी त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी वाढवल्या, त्यांत अवरक्त प्रकाशाने तापणारे सूक्ष्मकण टोचले, गाठ सौम्य तापवली आणि मग कार-टी पेशी दिल्या. न तापवलेल्या गाठींपेक्षा या गाठींत पेशींचा शिरकाव जास्त झाला आणि गाठींची वाढ अधिक रोखली गेली. जॉर्जिया टेक या संस्थेतील गॅब्रिएल क्वाँग यांचा २०२१ मधील प्रयोग आणखी पुढचा. त्यांनी पेशींतच उष्णतेवर चालणारी कळ बसवली. ४० ते ४२ अंश तापमान मिळाले की त्या पेशी रोगप्रतिकार चेतवणारी प्रथिने सोडतात; शरीराच्या नेहमीच्या तापमानाला गप्प राहतात. हल्ला फक्त तापवलेल्या जागी, बाकी शरीर सुरक्षित, अशी ही युक्ती. ईजीएफआरची अडचण सोडवायला ती उपयोगी पडू शकते, म्हणून तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांचे तिच्याकडे लक्ष आहे.

एनके पेशींच्या बाबतीत माणसांपर्यंत मजल गेली आहे, पण तोंडाच्या कर्करोगात नाही. म्युनिक येथील गॅब्रिएल मुल्टहॉफ यांच्या गटाने ‘हीट शॉक प्रोटीन ७०’ ओळखायला शिकवलेल्या एनके पेशी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांना रेडिएशन-कीमोनंतर दिल्या. निष्कर्ष आशादायक होते, पण रुग्णसंख्या ठाम निर्वाळा देण्याइतकी नव्हती.

तोंडात हे करणे वाटते तितके सोपे आहे का?

नाही. तोंड ही पोकळी आहे. हवा, हाड, दात आणि मऊ ऊती एकमेकांना लागून असल्याने उष्णता सारखी पसरत नाही. दातांत बसवलेला धातू अनपेक्षितपणे तापू शकतो. जिभेतून भरपूर रक्त वाहते आणि ते उष्णता वाहून नेते, त्यामुळे गाठीचा एक कोपरा ४३ अंशांवर तर दुसरा ३९ वरच, असे होऊ शकते. मानेतील गाठीशेजारून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते. सुपारीने तोंड आखडलेल्या रुग्णाच्या तोंडात दोन बोटे जाणे मुश्कील, तिथे तापमापक आणि उपकरण बसवायचे कसे हा प्रश्न आपल्या रुग्णांत नेहमीचाच.

मात्रेचाही पेच आहे. ४३ अंशांच्या वर गेले की बाहेरून सोडलेल्या टी पेशीच होरपळू शकतात. दुसरीकडे, एकदा तापलेल्या आणि तरीही वाचलेल्या कर्कपेशी पुढचे दोन-तीन दिवस उष्णतेला दाद देत नाहीत. जी प्रथिने रोगप्रतिकाराला मदत करतात तीच कर्कपेशीलाही सावरतात. म्हणून दोन सत्रांत अंतर ठेवावे लागते. पेशी उष्णतेच्या आधी द्यायच्या की नंतर, किती तासांनी, याचे उत्तर प्रत्येक कर्करोगात वेगळे असू शकते. आणि तंबाखूने तोंडाचे संपूर्ण अस्तरच बिघडलेले असते. एका जागची गाठ गेली तरी चार बोटांवर दुसरी उगवू शकते.

आज रुग्णांना काय मिळू शकते?

शस्त्रक्रिया शक्य असेल तर तीच पहिली. सुरुवातीच्या टप्प्यातही मानेतील लसिकाग्रंथी त्याच वेळी काढल्या तर तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ६७.५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जाते, हे टाटा मेमोरियलच्या २०१५ मधील चाचणीने जगाला दाखवले. राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि कीमो यांचा समावेश आहे.

आजार परतलेल्या रुग्णांसाठी रोगप्रतिकारशक्तीवरील ‘ब्रेक’ काढणारी निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे आहेत. ती एकटी दिल्यास साधारण सहा-सात जणांपैकी एकाचीच गाठ आकसते आणि पूर्ण मात्रा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. यावर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी काढलेली वाट इथे सांगायलाच हवी. नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दिले. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कार-टीइतका गाजावाजा या चाचणीचा झाला नाही, पण आपल्या रुग्णांच्या दृष्टीने तिचे वजन अधिक आहे. उष्णतेची जोड आपल्याकडे आधी तपासून पाहायची असेल तर ती महागड्या पेशींपेक्षा या कमी मात्रेच्या औषधाबरोबर तपासणे अधिक व्यवहार्य ठरेल.

‘इम्युन सेल थेरपी’ची ऑफर आली तर काय विचारावे?

पहिला प्रश्न, ही चाचणी आहे की मान्यताप्राप्त उपचार? तोंडाच्या कर्करोगासाठी उष्णता आणि रोगप्रतिकारक पेशी यांच्या जोडउपचाराला भारतात मान्यता नाही. त्यामुळे तो कोणी देत असेल तर ती चाचणीच असली पाहिजे आणि तिची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया’ या सार्वजनिक नोंदवहीत हवी. २००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागून तो संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. दुसरा प्रश्न पैशांचा. संशोधनातील प्रायोगिक उपचाराचा भार रुग्णावर टाकू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; लाखांचा आगाऊ भरणा मागितला जात असेल तर तिथेच थांबलेले बरे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. यासाठी आधी ठरलेली शस्त्रक्रिया किंवा चालू असलेले रेडिएशन पुढे ढकलावे लागणार आहे का? रेडिएशनमध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी त्या काळात झपाट्याने वाढतात, आणि वाया गेलेले दिवस मात्रा वाढवूनही पूर्णपणे भरून निघत नाहीत.